आनंदी राहणं खरंच आपल्या हातात असतं का?

शेवंती
मंडळी, "आनंदी राहायचं की नाही हे परिस्थिती नाही, आपण ठरवतो" हे वाक्य रोज सकाळी कुणी ना कुणी सूर्योदयाच्या फोटोवर चिकटवून पाठवतंच. फोटोची चेष्टा करून झाली, पण वाक्य मला बऱ्यापैकी पटतं. का ते सांगते.

दोन सख्ख्या बहिणी आहेत. वयात दीड वर्षाचं अंतर, शिक्षण सारखं, नोकऱ्या साधारण एकाच दर्जाच्या, दोघींचं घरी बरं चाललंय. दोन्ही कुटुंबं मिळून सहलीला गेली आणि सगळे दिवस पाऊस. धाकटीने पत्ते काढले, मुलांना गोळा केलं, हरायला लागली की पान मांडीखाली दडवायची, पोरं तिला पकडायची, नुसता दंगा. थोरली खिडकीपाशी बसून फोनवर हवामान बघत होती. दर दहा मिनिटांनी. ढगाचं चित्र काही हलेना आणि हिचं बोटही थांबेना. पाऊस तोच, खोली तीच. म्हणजे फरक माणसातच आहे ना?

तर प्रश्न असा की हा फरक निवडीचा आहे का? थोरलीने मनावर घेतलं तर ती धाकटीसारखी होऊ शकते का? तत्त्वज्ञान चालेल, पण स्वतःचा अनुभव असेल तर जास्त बरं.

रातकिडा
आज सोमवार. निवड प्रक्रिया पुढे ढकलण्यात आली आहे.

तिरपागडा
शंभर टक्के निवड. मी काही वर्षांपूर्वी बातम्या बघणं बंद केलं, सतत रडगाणं गाणाऱ्या लोकांना म्यूट केलं, सकाळी उठल्यावर फोन हातात घेणं सोडलं. कुठलीही परिस्थिती बदलली नव्हती, तरी मी बदललो. लोकांना परिस्थितीवर खापर फोडायला आवडतं, कारण त्यात स्वतःला काही करावं लागत नाही. थोरलीला सांगा, फोन बाजूला ठेव आणि पत्ते खेळ.

रातकिडा
@तिरपागडा, म्यूट केलेले लोक तुमच्याबद्दल काय बोलतात ते ऐकू येत नाही, हाही आनंदाचा एक स्रोत असावा. (हलके घ्या)

धुकं
मी इथे वाचनमात्रच असते, पण या विषयावर राहवलं नाही.

माझ्या नवऱ्याला तीव्र नैराश्याचं निदान झालं होतं. निदानाच्या आधीची एक सकाळ सांगते. मी बाथरूमच्या दारात आले तर हा ब्रशवर पेस्ट लावून आरशासमोर उभा. नळ वाहतोय. मला वाटलं फोन वगैरे आला असेल म्हणून थांबलाय. बऱ्याच वेळाने पुन्हा गेले तरी तसाच, पेस्ट ओघळून बेसिनमध्ये पडलेली. म्हणाला, "घासायचे की नाही तेच ठरत नाहीये." दात घासण्याची निवड जमत नव्हती त्याला. आनंदाचं तर सोडाच.

आणि त्याच काळात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला हेच वाक्य ऐकवत होता. ठरव, मनावर घे, सकारात्मक राहा, आमच्याकडे बघ. परिणाम काय झाला? आजाराचा त्रास होताच, त्यावर नापास झाल्याची लाज आली. सगळ्यांना जमतं ते मलाच का जमत नाही, हे त्याने किती वेळा विचारलं असेल. गोळ्या सुरू झाल्यावर फरक दिसायला काही आठवडे गेले, बोलण्याचे उपचार त्याहून जास्त काळ चालले. आता रिमोटवरून माझ्याशी भांडतो, एवढा बरा आहे.

पाऊलवाट
@धुकं, लिहिलंत ते फार बरं केलंत. _/\_

तिरपागडा
धुकं ताई, आजारपण वेगळं. मी नॉर्मल माणसांबद्दल बोलतोय. उगाच अपवाद काढून नियम मोडू नका.

धुकं
निदान होईपर्यंत तोही नॉर्मलच होता हो. "आळशी झालाय" एवढंच म्हणत होते सगळे. आजार कुठे सुरू झाला ही रेघ आम्हाला मागे वळून बघताना दिसली. त्यात असताना दिसत नव्हती.

गणितगोंधळ
बहिणींचं उदाहरण निघालंच आहे तर थोडं रुक्ष बोलतो.

डेव्हिड लिकन आणि ऑके टेलेगेन यांनी १९९६ साली मिनेसोटातल्या जुळ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जनुकं तंतोतंत सारखी असलेली जुळी आणि साध्या भावंडांइतकंच साम्य असलेली जुळी, या दोन गटांची तुलना. माणसामाणसांतला समाधानाचा जो फरक दिसतो त्याचा बराच मोठा भाग जनुकांकडे गेला. उत्पन्न, शिक्षण, लग्न झालंय की नाही, यातल्या कुठल्याही एका गोष्टीकडे सुमारे ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा येत नव्हता. लेखाच्या शेवटी त्यांनी असंही म्हटलं की जास्त आनंदी व्हायचा खटाटोप हा जास्त उंच व्हायच्या खटाटोपाइतकाच फुकट असू शकतो. हे विधान लिकन यांनी पुढे स्वतःच मागे घेतलं, पण वाक्य एकदा सुटलं ते सुटलंच.

मग २००५ मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड यांचा लेख आला. ५० टक्के जनुकं, १० टक्के परिस्थिती, ४० टक्के आपण मुद्दाम करतो त्या गोष्टी. प्रेरणादायी भाषणांत ऐकू येणारं "४० टक्के तुमच्या हातात" ते इथून आलंय. गोची अशी की हे आकडे लोकांच्या गटातल्या फरकाचे आहेत. तुमच्या एकट्याच्या आनंदाचे चाळीस टक्के तुमच्या हातात, असा त्याचा अर्थच होत नाही. शिवाय ते ४० म्हणजे इतर दोन वाटे काढल्यावर उरलेली बाकी. हे तीन वाटे दाखवणारी वर्तुळाची आकृती फार सोपी करून मांडली गेली हे लेखकांनीही नंतर मान्य केलंय.

"परिस्थिती फक्त १० टक्के" यावरही लोक उड्या मारतात. ज्या गटात सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, त्या गटात छपराचा वाटा शून्यच निघणार. म्हणून छप्पर काढून बघायचं का?

आता थोरली-धाकटी. माणसामाणसांत जी जनुकं वेगळी असतात, त्यातली सरासरी निम्मीच सख्ख्या बहिणींत सारखी असतात. "सगळं सारखं असून फरक पडला" हे तिथेच थोडं ढिलं होतं.

काठावर_पास
एवढं गणित शाळेत शिकवलं असतं तर माझी आयडी वेगळी असती.

गंमत सोडा. निवडीच्या बाजूने एक जुना साक्षीदार आणतो. एपिक्टीटस, प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ. जन्माने गुलाम, पायाने अधू. त्याने दोन ढीग केले: आपल्या ताब्यातलं आणि ताब्याबाहेरचं. शरीर, मालमत्ता, नाव, अधिकार हे सगळं ताब्याबाहेर. आपलं मत, आपली इच्छा, कशाच्या मागे लागायचं आणि काय टाळायचं, हे ताब्यात. आता हा माणूस काही एसी हॉलमध्ये माइक लावून बोलत नव्हता. ज्याचं शरीरही दुसऱ्याच्या मालकीचं होतं तो म्हणतोय की आत एक जागा माझी आहे. ते वाक्य मला फॉरवर्डच्या रांगेत बसवता येत नाही.

पाऊलवाट
@काठावर_पास, मान्य, पण एपिक्टीटसने आनंदाची हमी कुठे दिली? त्याचा भर शांत राहण्यावर आणि नीट वागण्यावर. पावसात पत्ते खेळून हसाल असं तो म्हणाला नसता, पावसाशी भांडू नका म्हणाला असता. आणि मुख्य म्हणजे तो स्वतःबद्दल बोलत होता. गुलामाने स्वतःला "आतून मी मोकळा आहे" म्हणणं आणि मालकाने गुलामाला "आतून तू मोकळाच आहेस की" म्हणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काठावर_पास
हे शेवटचं बरोबर बसलं. विचार करतो.

बिनपगारी
आयडीवरून कळलंच असेल. कंपनीने एका बैठकीत बऱ्याच जणांना नारळ दिला, त्यात मी होतो. बैठकीच्या शेवटी मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी एक स्लाइड लावली: बदलाला कसं सामोरं जायचं ते तुमच्या हातात आहे. बाईंचा दोष नाही, त्यांना ती स्लाइड दिलेली होती. पण त्या क्षणी मला कळलं की हे वाक्य किती सोयीचं आहे. निर्णय त्यांचा, त्याबद्दल काय वाटून घ्यायचं ती जबाबदारी माझी.

सुरुवातीला मी खरंच तिरपागडा यांच्यासारखाच होतो. व्यायाम, वेळापत्रक, रोज अर्ज. मग हळूहळू नकाराच्या मेलचा सांगाडा पाठ झाला. पहिल्या ओळीत "आपल्या स्वारस्याबद्दल आभार" दिसलं की पुढचं वाचायची गरज उरायची नाही. लोकांचे फोन टाळायला लागलो, कारण प्रत्येक जण "मग, सध्या काय?" इथूनच सुरू करायचा.

नंतर नोकरी लागली. आता पगार पूर्वीइतकाच आहे. पण मी पूर्वीसारखा नाही. बॉसने "जरा बोलायचंय" म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. मला वाटायचं हा माझाच कमकुवतपणा. मग रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास वाचनात आला: जर्मनीतले २४ हजारांहून जास्त लोक, १५ वर्षांची माहिती. बेकार झालेल्या लोकांचं समाधान घसरलं, आणि पुन्हा नोकरी मिळाल्यावरही सरासरीने ते पहिल्या पातळीवर पूर्ण परतलं नाही. म्हणजे परिस्थिती गेली तरी वळ राहतो. आता हा वळ मी निवडला का?

तिरपागडा
बिनपगारी, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण माणूस कशालाही सरावतो हेही सिद्ध झालंय. लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले लोक वर्षभरात सारखेच आनंदी होतात असा प्रसिद्ध प्रयोग आहे. मग परिस्थितीचं महत्त्व काय उरलं?

रातकिडा
त्या प्रयोगाच्या लॉटरीवाल्या गटात जागा शिल्लक असेल तर विज्ञानासाठी मी तयार आहे.

गणितगोंधळ
@तिरपागडा, तो प्रयोग सगळे सांगतात आणि मूळ तक्ता फारसं कुणी बघत नाही. फिलिप ब्रिकमन आणि सहकारी, १९७८. लॉटरी लागलेले २२ जण, अपघातात दोन्ही पाय किंवा हातपाय लुळे पडलेले २९ जण आणि तुलनेसाठी २२ सामान्य लोक. सध्या किती आनंदी आहात, ० ते ५ मध्ये सांगा. लॉटरीवाले ४.००, सामान्य ३.८२, अपघातग्रस्त २.९६.

पहिल्या दोन आकड्यांत फारसा फरक नाही, हे बरोबर. लॉटरीवाल्यांना रोजच्या बारीकसारीक गोष्टींतली मजा उलट कमी वाटत होती, हेही त्यात आहे. पण तिसरा आकडा बघा. अपघातग्रस्त स्पष्टपणे खाली होते. ते लोकांना वाटतं तितके दुःखी नव्हते, मध्याच्या वरच होते, एवढंच त्यातून निघतं. "सारखेच" हे सांगोवांगी झालं. आणि गट तरी केवढे? माझ्या जुन्या वर्गात याहून जास्त मुलं होती.

दुपारची_झोप
अवांतर: मग आनंदी देशांच्या जागतिक अहवालात ते फिनलंड दरवर्षी पहिलं कसं येतं? तिथले लोक तर फारसे हसतही नाहीत म्हणे. अंधार, थंडी.

गणितगोंधळ
फार अवांतर नाहीये ते. त्या जागतिक अहवालात क्रमवारी हसण्यावरून लावतच नाहीत. प्रश्न असा असतो: एक शिडी कल्पा, तळाला ० आणि टोकाला १०, तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य टोकाला आणि सर्वांत वाईट तळाला. तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात? तीन-तीन वर्षांची सरासरी काढून देशांची क्रमवारी लावतात. फिनलंड २०१८ पासून त्यात वर आहे. याचा अर्थ तिथले लोक दिवसभर खूश असतात असा नाही. आयुष्याचा हिशोब मांडला तर ते बरा नंबर सांगतात.

दुपारची_झोप
म्हणजे नापास होण्याची भीती नसलेली माणसं स्वतःला चांगले मार्क देतात.

पाऊलवाट
@दुपारची_झोप, थट्टेत बोललात, पण आजारपण, म्हातारपण, नोकरी जाणं यांची धास्ती कमी असली की माणूस शिडीवर वर उभा राहतो, हे मला अगदी पटण्यासारखं वाटतं. तिथल्या एवढ्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी आनंद "निवडला" असेल का?

काठावर_पास
तरी एक सांगू? सगळंच परिस्थितीवर टाकलं तर हातपाय गळतात. ते म्हणणंही धोक्याचंच.

पाऊलवाट
@काठावर_पास, यावर एक जुनं संशोधन आठवलं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले होते. (आज कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.) काही कुत्र्यांना विजेचे झटके असे दिले की काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथून नुसती उडी मारली की सुटका होती. बऱ्याच कुत्र्यांनी उडी मारलीच नाही, तिथेच पडून राहिले. याला शिकलेली हतबलता म्हणायला लागले.

खरी गंमत पुढे आहे. २०१६ मध्ये या दोघांनीच लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते "माझ्या करण्याने काही फरक पडतो" हे. आणि ते कधी शिकता येतं? करण्याने खरोखर फरक पडला की. म्हणजे निवड करण्याची ताकद हीच अनुभवातून येते. ज्याच्या वाट्याला तो अनुभव कमी आला, त्याला "निवड कर" असं सांगून कसं चालेल? आधी एखादी उडी यशस्वी व्हायला पाहिजे.

बिनपगारी
नकाराच्या मेलनंतर मी फोन उचलेनासा झालो, ते हेच असणार. यावर आणखी वाचतो. धन्यवाद.

तिरपागडा
मी माझी उडी मारली आहे, मला त्याचा फायदा झालाय, तो मी सांगणारच. इथे कुणी "मी प्रयत्न केला आणि जमलं" म्हटलं की लगेच अभ्यास अंगावर फेकतात. अशाने कुणी काही करूच नये का? रडत बसणं बरं?

रातकिडा
अभ्यास अंगावर फेकले तर निदान कागद मऊ असतो.

संपादक मंडळ
मुद्द्यांवर बोला, व्यक्तींवर नको. रातकिडा, पुरे.

सुईदोरा
उशिरा आले, सगळं वाचून लिहितेय. एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही.

आमच्याकडे एक सदासुखी माणूस आहे. माझा नवरा. स्वभाव खरंच गोड, सगळ्यांना आवडतो. "टेन्शन घ्यायचंच नाही" हे त्याचं ब्रीद. आणि त्याला खरंच टेन्शन नसतं, कारण मुलाच्या शाळेची फी कुठल्या तारखेला भरायची, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी संपत आली की नाही, गाडीचा विमा, पाहुण्यांच्या अंथरुणांची संख्या, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. मी एखाद्या रात्री म्हटलं की अरे, गोळ्या संपल्यात, तर तो म्हणतो, "उद्या बघू गं, तू फार विचार करतेस." उद्या कोण बघतं? त्याच्या आनंदाचा सांभाळ मी करते आणि चिडकी म्हणूनही मीच ओळखली जाते.

तर तिरपागडा, तुम्ही बातम्या आणि रडणारे लोक म्यूट केलेत, छान. पण म्यूट केलेलं काम कुणाकडे गेलं ते एकदा बघा. वैयक्तिक निवड म्हणता, पण तिचं बिल कधीकधी शेजारच्या टेबलावर जातं.

आणि शेवंती, एक प्रश्न. त्या पावसाळी सहलीचं बुकिंग कुणी केलं होतं? थोरलीने ना?

दुपारची_झोप
बाप रे. चेंडू थेट स्टंपवर.

पाऊलवाट
सुईदोरा, +१. दहा वेळा +१.

शेवंती
हो. बुकिंग मी केलं होतं.

रातकिडा
थांबा. "मी"?

शेवंती
हो, थोरली मीच. आधी सांगितलं असतं तर सगळ्यांनी माझी समजूत काढली असती, मला उत्तर हवं होतं.

सुईदोरा, तुमचा अंदाज बरोबर आहे, पण अर्धा. बुकिंग, पैशांचा हिशोब, कुणाच्या पोटाला काय चालत नाही, सगळं मीच बघत होते. पाऊस थांबला नाही तर दुसऱ्या दिवशीची गाडी रद्द करायची का, पैसे परत मिळतील का, हे कुणीतरी बघायलाच हवं होतं. पण खरं सांगायचं तर गाडी रद्द करून झाल्यावरही मी हवामान बघतच होते. तेव्हा काही काम उरलं नव्हतं. माझी मुलगी येऊन म्हणाली, "आई, मावशी चीटिंग करतेय, तू माझ्या बाजूने ये ना." मी म्हटलं, "हो, आलेच." आणि गेले नाही. तिने परत बोलावलं नाही. मला सलतं ते तेवढंच.

म्हणून मला अजूनही वाटतं की निवड असावी. निवड नसेल तर मी अशीच राहणार. तुम्ही लोक ज्याला वरच्या पट्टीतून दिलेला उपदेश म्हणताय, ती माझ्यासाठी आशा आहे. हे पाऊलवाट यांच्या गुलाम-मालक मुद्द्यात बसतं बघा. मला कुणी सांगत नाहीये, मीच मला विचारतेय.

काठावर_पास
शेवंती, धागा आता सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

तिरपागडा
शेवंती ताई, मी वर जे "फोन ठेव आणि पत्ते खेळ" लिहिलं ते तुम्हाला टोचलं असेल तर सॉरी. पण सल्ला तोच आहे. :)

शेवंती
नाही टोचलं. बहीणही हेच म्हणते, जास्त आवाजात.

धुकं
शेवंती, तुम्ही आजारी आहात असं अजिबात सुचवत नाहीये, पण नवऱ्याच्या उपचारांतली एक पद्धत आमच्या घरात सगळ्यांना उपयोगी पडली म्हणून सांगते. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. आपला समज असतो की मन लागलं की मी करेन. उपचार करणाऱ्या बाई म्हणायच्या, उलटं करा. मन लागायची वाट बघू नका, छोटी ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी करा आणि करण्याआधी, केल्यानंतर कसं वाटलं ते दहापैकी आकड्यात लिहा. मजा येणं ही अटच नाही. त्याची पहिली गोष्ट होती गॅलरीत जाऊन खुर्चीत बसणं. आधी २, नंतर २. दुसऱ्या दिवशी आधी २, नंतर ३. वैतागून लिहायचा, पण लिहायचा.

तुमच्या बाबतीत म्हणजे, आनंदी व्हायचं ठरवूच नका. मुलीच्या बाजूला जाऊन एक डाव बसायचं ठरवा. चेहरा कसाही असू दे, पोरांचं लक्ष पत्त्यांकडे असतं.

गणितगोंधळ
धुकं यांच्या "ठरवूच नका"ला दुजोरा. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांचा २०११ चा प्रयोग: काही जणांना आनंदाचं महत्त्व सांगणारा बनावट लेख वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. आनंदाचा उल्लेख नसलेला लेख वाचलेल्यांपेक्षा यांना ती बघून कमी आनंद झाला. आनंद व्हायलाच हवा अशी अपेक्षा घेऊन बसलं की माणूस चित्रफीत सोडून स्वतःलाच तपासत बसतो.

सुईदोरा
आणि पुढच्या सहलीचं बुकिंग धाकटीला करू दे. कुठलाही अभ्यास न वाचता सांगते.

शेवंती
विचारलं कालच. म्हणाली, "तूच कर ना ताई, तुला किती छान जमतं."

सुईदोरा
नवरे आणि धाकट्या बहिणी एकाच शाळेत जातात वाटतं.

नवा_गडी
छान विषय. माझ्या मते आनंद ही निवड आहे. नकारात्मक लोकांपासून दूर राहा आणि रोज कृतज्ञता डायरी लिहा.

दुपारची_झोप
@नवा_गडी, वरचे प्रतिसाद वाचा. आम्ही थांबतो.

गणितगोंधळ
डायरीवरून आठवलं. ज्या ल्युबोमिर्स्कींचं नाव वर आलं, त्यांनीच विद्यार्थ्यांना "ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहा" असं सांगून बघितलं होतं. एका गटाने आठवड्यातून एकदा लिहिलं, दुसऱ्याने तीनदा. समाधान वाढलं ते एकदा लिहिणाऱ्यांचं. तीनदावाल्यांना बहुधा तो गृहपाठ वाटायला लागला. त्यामुळे "रोज" हा शब्द तेवढा गाळा.

शेवंती
आठवड्यातून एकदा जमेल. रविवारी लिहीन, बाकी दिवस हवामान बघायला मोकळी. आणि डाव मांडलाय आज, मुलगी म्हणते भिडू म्हणून मी वाईट नाही, फक्त पानं फार वेळ धरून बसते.